आप्पांचा बर्फ

मी नोकरीसाठी आखातात निघाले त्या सकाळी आप्पा बसपर्यंत आलेच नाहीत. रात्री बर्फ पडला होता, आणि त्यांना तो तोलायचा होता! साताऱ्याचा माणूस, सरकारी नोकरीत बर्फ मोजायला हिमाचलात गेला आणि सफरचंदं लावून तिथलाच झाला. आईने डबा दिला, डोळे पुसले. आप्पा लांब उतारावर, पाठमोरे. मला इतका राग आला की पोचल्याचा फोन मी दोन दिवसांनी केला.

बर्फ नुसता पट्टीने मोजून भागत नाही. पोकळ नळी तळापर्यंत खुपसायची, आतल्या बर्फासकट काट्याला अडकवायची. वजनावरून कळतं, उन्हाळ्यात बागेच्या ओढ्याला पाणी किती. रिटायर झाल्यावरही त्यांचं हे चालूच, दर वेळचं वजन वहीत लिहून ठेवायचे. "उंचीला भुलू नकोस, पोरी," म्हणायचे.

आणि मी भुललेच! मागच्या हिवाळ्यात कमरेएवढ्या बर्फाचा फोटो आला. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला मी तो दाखवत सुटले. आप्पा फोनवर म्हणाले, "पिंजलेला कापूस आहे नुसता. डिसेंबरात पाऊस झाला, खालचा थर बसलाच नाही." जूनमध्ये ओढा आटला. जाणकार म्हणतात, यापुढे असंच होत जाणार. बर्फाऐवजी पाऊस, आणि पडेल तो बर्फही लवकर वितळणार.

झालं! दुबई मरीनातल्या माझ्या दादाला निमित्तच मिळालं. आई गेल्यापासून आप्पा एकटे, त्यात गुडघे गेलेले. "बाग विकू, त्यांना इकडे आणू. खलास!" माझी लेक म्हणते, "मम्मा, देअर्स स्नो इन द मॉल! आजोबा कॅन गो देअर." मी आधी हसले, मग रडले, मग भयंकर चिडले.

अहो, तुम्ही-आम्ही राहतो कुठे? समुद्राचं पाणी गोडं करून पितो, भर वाळवंटात रस्त्याकडेची झाडं जगवतो. आणि तिकडचा ओढा आटतोय म्हणून आपलं माणूस मुळासकट उपटून आणायचं? दादाला स्पष्ट सांगितलं, बागेला हात लावायचा नाही.

चार महिन्यांची बिनपगारी रजा टाकलीय. मॅनेजर विचारतो, बर्फासाठी सुट्टी? हो, बर्फासाठी! आप्पांचे गुडघे चालत नाहीत, माझे चालतात. कमी पडला तर कमी लिहीन. नाहीच पडला तर शून्य लिहीन. पण ते शून्य लिहायलासुद्धा तिथे घरचं कुणीतरी उभं हवं.