मशीनमधली सवत

साखराबाईच्या घरात देव कोनाड्यात आहेत, माणसं जमिनीवर झोपतात आणि पलंगावर मशीन असतं.

मशीन म्हणजे काचेच्या नळ्यांचा, वॉलांचा, जुना अँप्लिफायर, सासऱ्याच्या लाउडस्पीकरच्या धंद्यातला. बटण दाबलं की आतले वॉल निखाऱ्यासारखे हळूहळू लालसर होतात. मग तिचा नवरा शहादेव त्याला बेंजो जोडतो आणि छपरावरच्या कर्ण्यातून गाणं वाजायला लागतं. उन्हाळ्यात शिरूर कासारच्या आसपास त्याच्या बेंजोशिवाय वरात हलत नाही. दसऱ्यापासून उन्हाळा लागेपर्यंत ऊसतोड.

"कारखान्यावर आमी दोघं मिळून एक कोयता," साखराबाई मला सांगते. "नवरा-बायकू, एक कोयता. मुकादम तसंच मोजतो. हंगाम सरून पट्टा पडला, गावात आलं का ह्यो अर्धा कोयता त्या डबड्याला जाऊन चिकटतो."

डबड्यावर झाकण म्हणून तिचं लग्नातलं हिरवं पातळ.

"अवो, पातळ हाय ते माझं."

"अगं, मशीनवर धूळ बसती."

"माझ्यावर न्हाई बसत?"

शहादेव हसला आणि फडक्याने वॉल पुसत राहिला. इतक्या हलक्या हाताने त्याने तिच्या पायातलं कुसळसुद्धा कधी काढलं नव्हतं. तरी इथवर साखराबाईने सोसलं. डबडं ते डबडं. त्याला ना नाक, ना डोळे.

खरी ठिणगी पडली रामेश्वरच्या दुकानात. रामेश्वर रेडिओ दुरुस्तीवाला. त्या दिवशी नवरा-बायको बाजाराला गेले होते आणि जाता जाता मशीन त्याच्याकडे टाकायचं होतं. साखराबाई पिशवी घेऊन पायरीवर बसली. आतून शहादेवचा आवाज आला.

"चिरका वाजतो रे. गोड कर. एकदम गोड."

"गोड म्हंजी कसा?"

"नेकनूरच्या सत्यभामेवानी. तिनं हळदीचं गाणं धरलं का हळद वाटणाऱ्या बायांचे हात थांबायचे. तसला गळा पायजे मशीनला."

पायरीवर मेथीच्या जुडीचा दोरा तुटला.

ही सत्यभामा कोण? लग्नाआधी शहादेवच्या बेंजोवर गाणारी. पुढे नेकनूरला दिली. साखराबाईने तिला एकदाच पाहिलं होतं, आणि तेवढं पुरलं होतं.

"एक कंडेन्सर बदलतो," रामेश्वर म्हणाला. "चिरका भाग खाऊन टाकंल. परवा न्या."

"परवाच पायजे. तिच्याच पोरीची हळद हाय, सुपारी आपल्याला हाय."

घरी आल्यावर साखराबाईने पीठ मळायला घेतलं. भाकरी थापताना बोलली.

"तिच्या दारात तिच्याच गळ्यानं वाजिवणार का?"

"कला हाय ती. तुला काय कळतंय?"

"मला लई कळतंय."

पण तिसऱ्या दिवशी शहादेव टेम्पो बघायला गेला, आणि मशीन आणायला तिलाच पाठवलं. माणूस हुशार असता तर त्याने ही चूक केली नसती.

रामेश्वरने वाजवून दाखवलं. खरंच गोड. दुधावरच्या सायीसारखा.

"भाऊजी, काढा ह्यो आवाज."

"कावून, वैनी? शहादेवनं सांगितलाय."

"दुसरा घाला. माझा."

"तुमचा?"

ती दारात उभी राहिली, आणि फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवाल्याला घालते तशी हाळी घातली. तिचा आवाज मुळातच घोगरा. वर चढला की फाटतो, आणि फाटूनही तुटत नाही. समोरच्या हॉटेलातला माणूस कप घेऊन बाहेर आला.

"असा."

"वैनी, ह्याला आमच्यात बिघाड म्हणत्यात! गिऱ्हाइकं पैसे देऊन असला आवाज काढून घेत्यात."

"तुमाला जमत न्हाई म्हणा की."

हे मात्र रामेश्वरला लागलं. त्याने मशीन उलटं केलं. "ही तार बघा. कर्ण्याकडं जाणारा थोडा आवाज ही मागं आणती, आन् पुढच्याला लगाम घालती. ही कापली, आन् कालचा कंडेन्सर काढला..."

"कापा."

"शहादेव मारंल मला."

"न्हाई कापली तर मी हायेच."

नेकनूरला मांडव भरला होता. सत्यभामा हळदीच्या ताटाशी बसली होती, अजूनही तशीच नीटस. शहादेवने शर्टाची कॉलर सारखी केली, तिच्याकडे बघून मान हलवली आणि तार छेडली.

कर्णा फाटला. निदान सगळ्यांना तसंच वाटलं. घोगरा, खरखरीत, अंगावर येणारा सूर मांडवभर पसरला. शहादेवचा चेहरा पडला. तो बटणं पिरगाळू लागला.

सत्यभामा म्हणाली, "दादा, मशीन बिघडलं का तुमचं?"

दादा! साखराबाई बायकांत बसली होती. तो शब्द तिने दोनदा मनात चघळला. तरी नजर सत्यभामेवरच ठेवली.

एवढ्यात नवरदेवाकडची पोरं ओरडली, "ओ बेंजोवाले, बंद कावून केला? घ्या की तोच आवाज!"

शहादेवने घाबरत पुन्हा वाजवलं. पोरं उसळली. तो खालच्या सुरावरून वर चढला, सूर वर जाऊन फाटला आणि तुटला नाही. त्याचा हात थबकला. त्याने मांडवभर नजर फिरवली आणि बायकांत बरोबर एका तोंडावर आणून ठेवली.

"अगं, ह्यो तर फडातला आवाज हाय. तुझा!"

"वळखला म्हणायचा," साखराबाई म्हणाली, पण बघत होती सत्यभामेकडे. सत्यभामेच्या हातातली हळद हातातच राहिली होती. साखराबाईला तेवढंच पाहायचं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर साखराबाई आज सुखात असती. पण त्या हळदीनंतर शहादेवला सगळीकडे तोच आवाज मागतात. मग तो दिवसभर मशीनपाशीच. एकेक सूर चढवतो, फाटला की डोळे मिटतो, आणि म्हणतो, "वा! काय गळा हाय!"

परवा मी तिच्याकडे गेले तेव्हाही हेच चाललं होतं. साखराबाईने चुलीपासून हाक मारली, "अवो, जेवाय या."

शहादेवने आणखी एक सूर चढवला.

"अवो, भाकर गार व्हायली!"

"जरा गप की गं," शहादेव डोळे न उघडता म्हणाला. "ऐकू दे."

साखराबाईने माझ्याकडे पाहिलं. मग उठली आणि मशीनवर पडलेलं हिरवं पातळ ओढून घेतलं.

"आवाज ऱ्हाऊ दे ह्या सवतीला," ती म्हणाली. "पातळ न्हाई देणार."