टाकीतलं निंदण

तुलारामजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते वाकलेले. सकाळी फाटकाशी पेपर घ्यायला गेलो, तर माझ्या फुलझाडांच्या वाफ्यात एक अनोळखी म्हातारा ओणवा होऊन मुठीमुठीनं गवत उपटत होता. धोतर वर खोचलेलं, डाव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला. मी खाकरलो. त्यांनी मान वर केली, पण हात थांबला नाही.

"लय कचरा झाला होता जी," ते म्हणाले.

आमच्याकडे धानातल्या तणाला कचराच म्हणतात. मी आभार मानले. ते गेल्यावर वाफा पाहिला, तर गवताची एक काडी उरली नव्हती. त्याबरोबर मी जपून वाढवलेली ब्राह्मीही गेली होती.

ते समोरच्या प्रविणचे वडील. जन्म आसगावच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, धान करण्यात गेला. पत्नी रुखमाबाई वारल्या, पुढे गुडघ्यानं जवाब दिला, तेव्हा शेती पुतण्या कवडूकडे सोपवून ते मुलाकडे पवनीला आले. प्रविण नोकरीसाठी रोज भंडाऱ्याला जातो. सून रीता इथल्याच एका शाळेत संगणक शिकवते. घर नीटनेटकं, फरशीचं. त्या फरशीवर दिवसभर काय करावं हे तुलारामजींना कळत नसे. भाजी निवडायला बसले, पाण्याची बादली उचलली, की रीता म्हणायची, "राहू द्या मामाजी, होईल माझ्यानं." सासऱ्याला मामाजी म्हणायची इकडची रीत. तिचं म्हणणं मायेचंच होतं.

"गुरुजी, मी काय पाहुणा व्हय का ह्या घरचा?" त्यांनी मला एकदा विचारलं. "अजी, पाहुण्यालेही लोकं दार लावून घे म्हणतात."

रीताच्या बैठकीत काचेची लांबट टाकी होती. तिच्यात सहा मासोळ्या, दुकानदार ज्यांना फायटर म्हणतात त्या जातीच्या, सगळ्या माद्या. या जातीचे दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात. माद्यांचंही काही फार सख्य नसतं. पण टाकी मोठी असली, झाडी दाट असली आणि सगळ्या एकाच वेळी सोडल्या, तर कोण थोरली आणि कोण धाकटी ते आपसात ठरवून त्या नांदतात. रीतानं हे स्वतः वाचून, करून पाहून जमवलं होतं. शेजारच्या कलाबाईंचा मात्र विश्वास बसत नसे. "सहा बाया एका घरात अन् भांडण नाई? पाण्यात गुंगीची दवा टाकली असंन तुनं," त्या म्हणायच्या.

पहिल्या बाळंतपणासाठी रीता नागपूरला माहेरी निघाली, तेव्हा टाकी कोणाच्या हवाली करायची हा प्रश्न आला. प्रविण घरी येईपर्यंत अंधार पडतो. शेवटी तिनं तुलारामजींना समोर बसवून सांगितलं, "खाणं चिमूटभरच टाकायचं. बदामाचं वाळलेलं पान पाण्यात असू द्यायचं. पाणी थोडंथोडं बदलायचं. अन् मामाजी, साही जणी मले वापस पायजे."

ती हसत बोलली होती. तुलारामजींनी ते हसण्यावारी नेलं नाही. या घरात त्यांच्या हाती दिलेलं हे पहिलं काम होतं.

मासोळ्यांना रीतानं इंग्रजी नावं दिली होती. ती यांच्या जिभेवर बसेनात. म्हणून यांनी धानाच्या वाणांची नावं दिली. फिकट पांढुरकी ती लुचई. लालसर ती हिरानक्खी. सगळ्यांत मोठी, काळपट निळी, ती काळीकमोद. खाणं टाकताना ते एकेकीला नावानं हाक मारत आणि ती वर आली की समाधानानं मान हलवत.

बरेच दिवस सगळं ठीक चाललं. मग एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "गुरुजी, या न जी, पाहून घ्या."

टाकी लखलखत होती. तळाची वाळू, पाठची भिंत, सगळं आरपार दिसत होतं. साही मासोळ्या उघड्यावर फिरत होत्या.

"सारा कचराच माजला होता," ते म्हणाले. "मुळासकट काढला. आता कशा दिसून राहिल्या पाहा!"

रीतानं लावलेली पाणझाडं त्यांनी निंदून काढली होती आणि परसातल्या खड्ड्यात टाकली होती. दर पावसाळ्यात बांधी निंदणाऱ्या माणसाला एवढी दाटी पाहवली नसावी.

दोन दिवसांत टाकीतली शांतता गेली. काळीकमोद गालफडं फुगवून लुचईच्या मागे लागली. लुचईच्या अंगावर भीतीचे पट्टे उमटले, मग शेपटीच्या चिंध्या झाल्या. ती पाणी गाळायच्या यंत्राच्या आड, कोपऱ्यात दडून राहू लागली. तुलारामजी हातात उदबत्तीची काडी घेऊन टाकीपाशी बसत.

"काहून वं काळे? तुह्या बापाचं काय खाल्लं तिनं?"

काडी पाण्यात गेली की काळीकमोद बाजूला सरे. काडी निघाली की परत. त्यांना वाटलं, भूक असेल. त्यांनी खाणं वाढवलं, तर पाणी गढूळ झालं. शेवटी लुचईला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत हलवलं, तर काळीकमोदनं हिरानक्खीला धरलं.

प्रविण म्हणाला, "रीताले फोन लावू का?"

"नको," तुलारामजी म्हणाले. "तिले आठवा लागला. कायले जीवाले घोर?"

घोर त्यांच्याच जीवाला लागला होता. जेवण अर्धं टाकून ते टाकीपाशी जात. एकदा मला हळूच म्हणाले, "गुरुजी, सहाच्या सहा मांगतल्या होत्या तिनं. आता ती मले सुपातले खडेही निवडू देणार नाई."

रविवारी मी तिथे चहाला बसलो असताना रीताचा व्हिडिओ कॉल आला. प्रविणनं फोन वडिलांच्या हाती दिला.

"मामाजी, टाकी दाखवा न."

"लाइट गेली बाई. अंधार हाय तिकडे."

"लाइट गेली त तुमच्या डोक्यावरचा पंखा कसा फिरून राहिला?"

तुलारामजींनी वर पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग फोन टाकीकडे वळवला.

"झाडं कुठी गेली?"

"कचरा झाला होता. निंदून टाकला."

"अन् पांढरी?"

"बरणीत हाय. जित्ती हाय."

पलीकडे रीतानं फोन डोळ्यांजवळ नेला. मागून तिच्या आईचा आवाज आला, "काय झालं वं?" रीता म्हणाली, "मामाजीनं टाकी निंदली, आई." आणि ती हसू लागली. पोटाला हात लावून हसली. तुलारामजी हसले नाहीत.

"माझ्यानं चुकलं बाई," ते म्हणाले. "म्हणशील त दुकानदाराले देऊन येतो साही. अलग अलग राहतीन, पण जगतीन."

रीताचं हसू थांबलं. "देऊ नका, मामाजी. त्यायले आड पायजे. एकीले दुसरी हरदम दिसत राहिली का मारामारी होते. झाडं आणा अन् दाट लावा. तोवर त्या मोठीले बादलीत टाका. पांढरीची शेपटी भरून आली का दगडं-बिगडं सारे हलवा, म्हणजे कोणालेच जागा ओळखू येणार नाई. मग सगळ्यायले संगं सोडा. मोठी सगळ्यात शेवटी."

"प्रविणले सांगू का करायले?"

"त्यायले कायले? तुमीच करा."

दुसऱ्या दिवशी तुलारामजी बसनं आसगावला गेले आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी गावच्या तलावात उतरले. काठावरून कवडूनं पाहिलं. "अरे बाप्पा! काका, जलमभर गवत उपटून फेकलं, अन् आता बादलीत भरून नेऊन राहिले?"

"सुनेनं मांगतलं," ते म्हणाले.

गोगलगायी आणि किडे सोबत येऊ नयेत म्हणून ती झाडं त्यांनी पुन्हापुन्हा धुतली आणि वेगळ्या पाण्यात ठेवली. तोवर लुचईची शेपटी भरत आली. मग एका सकाळी सगळ्या मासोळ्या बाहेर काढून, दगड हलवून, त्यांनी लागवड केली. मी गेलो तेव्हा संपत आली होती. एका ओळीत, सारख्या अंतरावर, काडीनं मापून लावल्यासारखी. फोनवर रीतानं पाहिलं मात्र.

"मामाजी, हा त रोवणा झाला! आरपार दिसून राहिलं सारं."

"मंग? आवत्या करू म्हणतं का?"

रोवणा म्हणजे ओळीनं केलेली धानाची लावणी; आवत्या म्हणजे ती न करता मुठीनं धान फेकून पेरणं. तुलारामजींनी आवत्या जन्मात केला नव्हता. त्यांच्या मते ती आळशाची शेती. त्यांनी लावलेलं सगळं उपटलं. मग मान भिंतीकडे वळवली आणि हाताला लागेल तिथे झाडं खोचत गेले. संपेपर्यंत त्यांनी टाकीकडे पाहिलं नाही.

आधी पाच जणी सोडल्या. काही वेळानं काळीकमोद. ती झाडीत शिरली, इकडून तिकडे फिरली. एकदोनदा गालफडं फुगवली, पण समोर कोणी टिकून दिसेना. तुलारामजी उदबत्तीची काडी धरून संध्याकाळपर्यंत बसून राहिले. त्या काडीचं काम पडलं नाही.

रीता मुलगी घेऊन आली तेव्हा कलाबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. घरात पाऊल टाकताच रीता बाळासकट टाकीशी गेली. झाडी पाण्याच्या वरपर्यंत आली होती. बदामाचं पान तरंगत होतं. तिनं वाकून वाकून पाहिलं. पाच सापडल्या.

"पांढरी कुठी हाय?"

"थांब थोडी," तुलारामजी म्हणाले. "हाय ती."

सगळे थांबलो. प्रविण काही बोलायला गेला, त्याला कलाबाईंनी गप्प केलं. मग पानाच्या आडून लुचई हवा घ्यायला वर आली, शेपटीची एक बाजू जराशी आखूड, आणि पुन्हा झाडीत गेली.

"सहा," रीता म्हणाली. तिनं बाळ पुढे केलं. "धरा मामाजी, हातपाय धुऊन येते."

तुलारामजी आधी फरशीवर मांडी घालून बसले. मग हात पुढे केले.

माझ्या वाफ्यापाशी ते अजूनही थांबतात, पण आता बोट दाखवून विचारतात, "हे लावलं हाय का उगवलं हाय?" मी सांगितल्यावरच वाकतात.

रीताची शाळा पुन्हा सुरू झाली आहे. ती परत येईपर्यंत नात आणि टाकी दोन्ही तुलारामजींकडे असतात.