आबांचे पाय कुठे शेकायचे

गेल्या शनिवारी सई तिच्या बाबांना आणि आजोबांना घेऊन हेन्डरसन उपनगरातल्या आमच्या दुकानात आली. मी तिथे फायरप्लेस विकतो आणि सईवर माझं प्रेम आहे... दोन्ही गोष्टी तिच्या बाबांना ठाऊक आहेत. इंजिनीअरिंग मी दुसऱ्या वर्षात सोडलं, हे तर त्यांना सगळ्यात आधी कळलं होतं.

हे सईला विचारून लिहितोय. दोन वाक्यं तिने खोडली.

आबा, म्हणजे तिचे आजोबा, या हिवाळ्यात गावाहून इथे परदेशात राहायला आलेत. दोन-दोन मोजे घालूनही त्यांची पावलं बधिर होतात, म्हणून फायरप्लेस हवी. बाबा आयटीतले... फोनवर एक्सेल शीट तयार, खोलीची लांबी, छताची उंची, सगळं त्यात.

त्यांना लाकडाचीच हवी होती. मी म्हटलं, काका, लाकूड महिनोन् महिने वाळवायचं, चिमणी दरवर्षी साफ करायची, वर कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, परवानगी. तुम्ही सगळे ऑफिसला गेल्यावर ओंडके कोण घालणार, आबा? गॅसची घ्या, बटण दाबलं की पेटली.

मग त्यांनी गॅसची एफिशियन्सी विचारली. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "हे कुठल्या वर्षाला होतं रे? की तिथवर पोचलाच नाहीस?"

माझे कान तापले. सई मागून हाताने शांत, शांत करत होती... याच तोंडापायी माझ्या दोन नोकऱ्या गेल्यात आणि ते तोंड मी उघडलंच होतं.

तेवढ्यात आबा दिसले. दुकानात आम्ही लाकडाची एक फायरप्लेस पेटती ठेवतो, तिच्यासमोर खुर्चीत बसून ते हात शेकत होते. पाय मात्र खुर्चीखाली ओढून, एका बाजूला वळवलेले... राग तसाच ठेवून मी तिकडे गेलो.

"आबा, पाय पुढे करा की. त्यांच्यासाठीच तर आलात."

"अग्नीला पाय दाखवू नयेत रे. आईने शिकवलं नाही का?"

"मग घरी घेतल्यावर काय करणार?"

"असाच बसेन. पोरगा एवढ्या हौसेने घेतोय, मी कशाला मोडता घालू."

पोरगा, म्हणजे बाबा, माझ्या मागेच उभे होते. एक्सेलमध्ये हा रकाना नव्हता.

मी आबांना इलेक्ट्रिकच्या कोपऱ्यात नेलं. खरं सांगतो, या मालाची मी स्वतः टिंगल करतो... काचेआड दिव्यांच्या खोट्या ज्वाळा आणि खालून पंख्याची गरम हवा. आबांनी काचेवर टिचकी मारली, मागे वाकून पाहिलं.

"म्हणजे यात अग्नी नाही?"

"नाही आबा. चित्र आहे, फक्त ऊब खरी."

आबांनी बूट काढले. मग मोजे... एक, दोन, तीन, चार. आणि दोन्ही पाय लांब करून डोळे मिटले.

बाबांनी खालच्या गरम हवेसमोर हात धरून पाहिला. मग मला विचारलं, "पुरेल का ही?" मी म्हटलं, आबांच्या खोलीला पुरेल, हॉलला नाही. उगाच हो म्हणणार नाही.

"उद्या बसवायला तूच ये," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "जेवायलाच ये."

रविवारी गेलो. भिंतीत भोकं बाबांनीच पाडली, ड्रिल माझ्या हातात दिलंच नाही. दोन भोकं तिरकी गेली... मी गप्प. सईने माझ्याकडे असं पाहिलं की आणखी दहा तिरकी गेली असती तरी चाललं असतं.

परीक्षा सोडून पळालेला मी, बहुतेक पहिल्यांदाच कशात तरी पास झालो. तेही बोलून नाही, बघून. थँक यू आबा.

निघताना आबांना वाकून नमस्कार केला. एरवी मी तो उरकतो, पण त्या दिवशी हात जरा जास्त वेळ राहिला. पाय चांगले गरम होते.