इंजिन तापलं नव्हतं

नेरूळच्या सोसायटीत आज गाडीवरचं कव्हर काढलं आणि जुन्या चामड्याचा, पेट्रोलचा वास आला. बाबांची ही दोन सीटची इंग्रजी स्पोर्ट्स कार.

मी कॉलेजात असताना जासईकडच्या रिकाम्या रस्त्यावर हौशी मंडळींची शर्यत होती. चाकाखाली लिंबू चिरडून आम्ही निघालो. मी शेजारी बसलो होतो. सगळ्यांच्या पुढे असताना बाबांनी अचानक गाडी कडेला घेतली.

"इंजिन तापलंय," ते म्हणाले.

"काटा बघा ना! अर्ध्यावर पण नाहीये."

ते वाकून, डोळे बारीक करून बघत राहिले. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "अशी हळूहळू नजर जाणं घराण्यातून येतं. वडिलांना होतं?"

आज बाबांच्या सीटवर बसून मी तसाच वाकलो. काटा दिसला नाही. शेजारी रागवायला कोणीच नव्हतं.