घरच्या समुद्रातले पाहुणे

खाऱ्या पाण्याचा टँक घरात ठेवला की मासे वाढोत न वाढोत, किस्से मात्र वाढतच जातात! गोंदियाजवळ समुद्र कुठला? आम्ही पाकिटातलं मीठ फिल्टरच्या पाण्यात कालवून तो बनवतो. आम्ही म्हणजे दोघंच. गोंदियात मी आणि आमगावला हार्डवेअरचं दुकान चालवणारे खेमराजभाऊ. टँकसाठी समुद्रातले दगड पार्सलनं मागवायचे आणि त्यांच्या भोकांतून फुकट आलेले जीव ओळखत बसायचं, हा आमचा नाद.

खेमराजभाऊंच्या पहिल्याच दगडातून एक केसाळ, गुलाबी किडा निघाला. मी फोटो काढेपर्यंत त्यांनी तो चिमटीत धरलासुद्धा! बोटांत बारीक काटेच काटे. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "क्या काटा?"

"समुंदर का कीड़ा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "आमगाव में?"

*

माझ्या दगडावर एकदा तपकिरी फूल उमललं. माझी बायको वर्षा हरखली. "तुमच्या टँकमध्ये काहीतरी शोभेचं आलं बाई!" रोज ती त्याला कोळंबीचा कण भरवायची. पण ते फूल नव्हतंच, डंख मारणारा प्राणी होता. बघता बघता त्याची पिल्लं टँकभर झाली.

खेमराजभाऊंनी आत डोकावून हात जोडले. "बस करा ना वहिनी! मासे आता भाड्यानं राहून राहिले!"

*

मग एका दुपारी टँकमधून आवाज यायला लागला. टक्! टक्! काच तडकतेय! आम्ही टीव्ही हलवला, सोफा ओढत अंगणात नेला, घरातल्या सगळ्या बादल्या मांडल्या. खेमराजभाऊ मिळेल त्या गाडीनं आले आणि काचेला कान लावून हसतच सुटले.

"काच नाही रे बाप्पा, झिंगा हाय! नांगी वाजवून राहिला!"

मी आनंदानं मटकन खालीच बसलो. वर्षा म्हणाली, "बसता काय? सोफा बाहेर आहे!"

*

खेमराजभाऊंच्या टँकमध्ये एकदा नखाएवढी तारामासोळी दिसली. हिला काढावं की ठेवावं, यावर आमची जुंपली. त्यांची म्हातारी आई शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "राहू दे ना. एवढ्या दुरून आली बिचारी."

तारा राहिली. आजी रोज सकाळी चष्मा पुसून तिला शोधायची. सापडली की अख्ख्या घराला हाक! मग तिनं हट्टच धरला, "मले इचं गाव दाखव."

यंदा आम्ही सगळे तिला पुरीला घेऊन गेलो. आजीनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. लाट पायावर आली तशी तिनं खेमराजभाऊंचा हात घट्ट धरला. मग चष्मा पदरानं पुसून तिनं पार टोकापर्यंत नजर फिरवली.

"एवढा मोठा कायले केला रे? यात कोनी सापडन कसा?"