आधी तू मला शिकव

अख्ख्या कळमनुरीत आमच्या सलामवाल्या आत्याएवढं जाणतं माणूस न्हाई, अन् आपल्या जाणतेपणाची तिच्याएवढी लाज वाटणारंबी दुसरं कुणी न्हाई. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. ती येशूची हाय, भेटंल त्याला सलाम म्हणती, माणसालाच न्हाई, दारात आलेल्या बकरीलाबी, म्हणून ती सलामवाली. शिवणकाम, वाजवायची पेटी, इंग्रजी, लोणचं, लेकराचं दुखणंखुपणं, तिला काय येत न्हाई तेच इचारा. पण तिच्याकडं शिकायला गेलं की तिची एकच अट, आधी तू मला कायतरी शिकव. मग तुमी खुर्चीवर अन् ती खाली फरशीवर, हात मांडीत, पहिलीतल्या लेकरावानी तुमच्या तोंडाकडं बघत.

गल्लीतल्या निम्म्या बायांनी तिला मोबाईलवर फोटो पाठवायला शिकवलंय, अन् दर बारीला ती तेवढंच नवल करती, "अगं बाई, असं असतंय व्हय!" मी एकदा म्हणलं, आत्या, तुला तर येतंय की, रोज पाठवतीस लेकीला. तर म्हणती कशी, "येतंय गं, पण ही डाव्या अंगठ्यानं करती, ते मला कुठं ठाऊक होतं?" एकदा नरसीकडचे एक भजनी बुवा पेटी शिकायला आले, लई मानाचे. ही खाली बसलेली बघून ते बी खाली उतरले, "बाई, तुमी वर बसा, तुमी गुरू." ही म्हणली, "तुमी पाहुणे." कुणीच उठंना. शेवटाला दोघं फरशीवर, खुर्चीवर मांजर, अन् आधी बुवांनी हिला अभंगाची चाल शिकवली, मग हिनं त्यांना पेटी. आत्याच्या प्रार्थनेला येणाऱ्या एक बाई चिडायच्या, "अशी विद्या वाटत सुटलीस तर किंमत राहती का? अन् खाली काहून बसतीस, तुझं वय काय!" तर आत्या म्हणायची, "येशूनं लोकायचे पाय धुतले, मी नुसती खाली बसली. गुडघे तेवढे बोंबलतेत, बोंबलू दे."

या सगळ्याचं मला हसू यायचं, माझ्यावर येस्तोर.

माझं लेकरू झालं अन् दूधच धरंना. नुसतं रडायचं, रडून रडून निजायचं, ओठ सुकलेले. सासू म्हणायची डब्याचं आणा, दवाखान्यातली डॉक्टरबाई म्हणली उद्या वजन करू, अजून उतरलं तर भरती करावं लागंल. माझी माय सेनगावकडं मेंढरामागं, फोन लागंना. मला सारखं वाटायचं माझ्या हातून लेकरू सुटंल, ते हातातून बी सुटंल अन् माझ्याकडून बी सुटंल. दुपारी ऊन डोक्यावर असताना तशीच लेकरू छातीशी धरून पळत आत्याकडं गेले, आत्या शिकव गं मला, काय करू, शिकव.

अन् ती बसली की खाली! "बस माय खुर्चीवर. आधी तू मला शिकव."

असा राग आला, काय सांगू. "मला काय येतंय, आत्या? शाळा बी धड केली न्हाई मी! लेकरू मरून राहिलं अन् तुला खेळ सुचतोय!"

तिनं माझ्या पायावर हात ठेवला. हळूच म्हणली, "तुझ्या बापाची मेंढरं हायेत ना. कोकरू दूध धरंना झालं तर तुमी काय करता? मला खरंच ठाऊक न्हाई, पोरी."

मी रडत रडतच सांगाया लागले. त्याचं मुंडकं दाबायचं न्हाई, दाबलं की ते मागंच सरतंय. मान नुसती हातावर तोलायची. ओठाला दुधाचा थेंब लावायचा अन् थांबायचं, तोंड मोठं उघडस्तोर थांबायचं, मग जवळ घ्यायचं. अन् शेपटीच्या बुडाला खाजवायचं, मेंढी चाटती तसं, मग ते चोखाया लागतंय.

आत्यानं लेकराचं दुपटं बाजूला केलं, चष्मा पुसला, नीट बघितलं, अन् लई काळजीनं म्हणली, "आता याला शेपूट कुठून आणायची गं?"

मला हसूच फुटलं. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून. हसता हसता अंगातलं कायतरी सैल झालं, अन् बघते तर पोलकं दुधानं भिजलेलं. तवाच माझं माझ्या हाताकडं ध्यान गेलं. इतके दिवस मी त्याचं मुंडकं दाबूनच धरत होते, भ्यालेल्या माणसानं धरावं तसं. हात काढला. मान तोलली. थेंब लावला अन् थांबले. पडद्यातून ऊन पिवळं पिवळं येत होतं, मांजर निजलं होतं, सगळं जग जसं पाण्याखाली गेलं होतं. अन् लेकरानं तोंड उघडलं, एवढं मोठं. आत्या हळूहळू त्याच्या पाठीवरून बोट फिरवत होती. मग आवाज आला, गुटुक, गुटुक.

मी कायतरी बोलायच्या आधी तिनं डोळे मिटले. "देवबापा, आज या पोरीनं मला शिकवलं, हिचं भलं कर." मग डोळे उघडून म्हणली, "तरीबी उद्या दवाखान्यात जायचं बरं, मी येते संगं." गेलो. वजन उतरलं नव्हतं, गुंजभर चढलंच होतं. अन् परतताना रस्त्यात भेटंल त्याला ही सांगत सुटली, धनगराच्या लेकीनं मला शिकवलं म्हणून. मला तिचे उपकार मानायचे होते, तिनं जागाच ठेवली न्हाई.

तिला कोकराचं खरंच ठाऊक नव्हतं का, का सगळंच ठाऊक होतं, हे मला अजून कळलं न्हाई. लेकरू आता पळतंय. इचारीन इचारीन म्हणते. पण दुपारी बघावं तर ती दारात टेकून बसलेली असती, लेकरू तिच्या मांडीवर निजलेलं, दोघायचे बी डोळे मिटलेले. मग मी उंबऱ्यातूनच माघारी फिरते. तेवढं एक मला न कळलेलंच राहू दे.