एक सूत

रियाधला ओलाया भागात एका ऑफिसच्या टॉवरमध्ये लाकडाचं विमान टांगलंय. ते मी केलं. शंभरेक वर्षांमागच्या लढाऊ विमानाची नक्कल, खऱ्याच्या मापाची. खरं एकच बनलं होतं म्हणे, आणि तेही फुकट गेलं.

मधे पंखा. पंख्यामागं चालवणारा, आणि पंख्याच्या पुढं, पार नाकावर, एका पेटीत बंदूकवाला. मी हौसेनं बायकोला रत्नागिरीला फोटो पाठवला. चौथी शिकलेली बाई. म्हणाली, "अवो, मधे पंखा एवढा घरघरणार, मग मागल्यानं हाक मारली तर पुढल्याला ऐकू कशी जायची?"

मी म्हटलं, तू तुझा भात बघ. पण इंजिनियरला विचारलं तर तो म्हणाला, मिस्त्री, त्यातच तर ते फसलं.

काम संपत आलं तेव्हा तिचं पोटाचं दुखणं वाढलं, दवाखान्यात घातली. कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर मी इथं आलो त्या मालकाला, शिव्या द्यायची सोय नाही. त्यानं दोन दिवसांत सुट्टीचा व्हिसा काढून दिला. थांबलो तो मीच. पुढची पेटी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, डावीकडं कलली होती. हाताखालचे म्हणाले, चाचा, इतक्या वर टांगणार, खालून कोण बघतंय? मी ऐकलं नाही. माझ्या हातचं काम वाकडं राहायचं नाही, हा माज. सगळी पेटी खोलली, काटकोनाला गुण्या लावून पुन्हा बसवायला घेतली. चार दिवस गेले.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज बारीक झालेला. मी म्हटलं, पेटी झाली की निघतोच.

"बसवा मग नीट," ती म्हणाली. "हितं येऊन पेटीचंच गाऱ्हाणं नको."

चौथ्या दिवशी लाकूड कापायचं मशीन चालू होतं. खिशात फोन वाजत राहिला, कळलं नाही. मशीन बंद केलं तेव्हा मेव्हण्याचे सात कॉल होते.

मी घरी पोचलो तोवर अस्थी गोळा करून झाल्या होत्या. मेव्हणा माझ्याशी बोलला नाही. बरोबर केलं त्यानं.

घरात कोण उरलंय म्हणून परत इथंच आलो. परवा त्या टॉवरला गेलो. दारावरच्या गार्डनं कार्ड मागितलं. विमान मी केलंय म्हटलं, तर म्हणाला, यल्ला, पुढं चल. मग बाहेरनंच काचेतून मान वर करून बघितलं. पेटी सरळ असेल. खालून काही कळत नाही.